कोकण रेल्वे महामंडळ विलीन होताना आपण नक्की काय मागायचं?

तेरेखोल (धागाकर्ती)

मंडळी,

मे २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने कोकण रेल्वे महामंडळाच्या भारतीय रेल्वेतल्या विलीनीकरणाला होकार कळवला. गोवा, कर्नाटक आणि केरळ आधीच राजी होते, घोडं आपल्याकडे अडलं होतं. होकार देताना राज्याने दोन गोष्टी मागितल्या. 'कोकण रेल्वे' हे नाव टिकावं आणि राज्याने भांडवलात घातलेले ३९० कोटींहून अधिक रुपये परत मिळावेत. दोन्ही मागण्या रास्त आहेत. पण सगळ्यात महत्त्वाची मागणी राहून गेली असं मला वाटतं, आणि अजून वेळ गेलेली नाही म्हणून हा धागा काढते आहे.

ज्यांचा जन्म गाडी सुरू झाल्यानंतरचा आहे त्यांच्यासाठी थोडं मागचं. कोकणात रेल्वे आणा ही मागणी फार जुनी. अ. ब. वालावलकर तिच्यासाठी झिजले, बॅ. नाथ पै आणि त्यांच्यानंतर मधु दंडवते यांनी राजापूर मतदारसंघातून ती संसदेत लावून धरली. तरीही दिवा, पनवेल, आपटा करत रूळ रोह्याला पोचायला १९८६ उजाडलं. दरवर्षी रेल्वे अर्थसंकल्पात मिळेल तेवढ्या तरतुदीवर पुढचं काम चाललं असतं तर आज आपण कदाचित चिपळूणच्या आसपास असतो.

म्हणून वेगळी वाट काढली गेली. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना, १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळ ही कंपनी स्थापन झाली. केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. बाकी पैसा रोखे काढून बाजारातून उभा केला. ई. श्रीधरन पहिले अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला रोह्याला पायाभरणी झाली आणि २६ जानेवारी १९९८ ला अख्खा मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर, सुमारे ७४० किलोमीटर. केरळच्या हद्दीत यातला एक किलोमीटरही नाही, तरी त्यांनी पैसे घातले, कारण गाडी त्यांच्या माणसांना घरी नेणार होती.

आता माझा मुद्दा. या महामंडळाने आपल्याला रूळ दिले, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कोकणच्या पावसात रेल्वे कशी चालवायची याची एक रीत त्याने पंचवीस वर्षांत घडवली. पावसाळी वेळापत्रक, दरडींवरची गस्त, पुलांवरचे पूरमापक, बोगद्यांची देखभाल. या रीतीला माणसं लागतात, पैसा लागतो आणि तिच्यावर निर्णय घेणारा माणूस जवळ असावा लागतो. उद्या हा मार्ग रेल्वेच्या तीन वेगवेगळ्या झोनमध्ये (म्हणजे मोठ्या विभागांत) वाटला गेला तर ही रीत कोण सांभाळणार? नाव राहील, फलक राहील, पण जी गोष्ट आपला जीव वाचवते तिचं काय?

विलीनीकरण व्हावं याच मताची मी आहे. दुपदरीकरणाचा, म्हणजे दुसरा रूळ टाकण्याचा पैसा महामंडळाच्या ऐपतीबाहेरचा आहे. पण ते कोणत्या अटींवर व्हावं यावर तुम्हा सगळ्यांचं मत हवं आहे.


जांभा

धागा वेळेवर काढलात. मी स्थापत्य अभियंता, आता निवृत्त. १९९१ ते ९६ या काळात रत्नागिरी पट्ट्यात एका उपकंत्राटदाराकडे होतो, त्यामुळे या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

तुम्ही 'रीत' म्हणालात ती का लागते हे आधी समजून घेऊ. मार्ग आखताना श्रीधरन यांच्या लोकांनी ठरवलं की गाडी ताशी १६० किलोमीटर वेगाने धावू शकेल असा रूळ टाकायचा. त्यासाठी चढ १५० ला १ पेक्षा जास्त नको आणि वळणाची त्रिज्या १२५० मीटरपेक्षा कमी नको. आता हे कोकणात करायचं म्हणजे डोंगराला वळसा घालायची सोयच उरत नाही. डोंगर आला की बोगदा, दरी आली की पूल, आणि जिथे दोन्ही परवडत नाही तिथे उभा डोंगर कापून खोल कटिंग. म्हणून ९० हून अधिक बोगदे झाले, त्यांची एकत्रित लांबी सुमारे ८४ किलोमीटर. करबुड्याचा एकटा साडेसहा किलोमीटर. मोठे पूल १७९, छोटे १८०० च्या वर. रत्नागिरीजवळच्या पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच, आणि तो एका टोकाला बांधत बांधत पुढे ढकलत नेला. तिथे काम बघायला आम्ही सुट्टीच्या दिवशी मुद्दाम जायचो.

बोगद्यांचं कौतुक सगळे करतात. पण पावसात खरी चिंता कटिंगची. वर जांभा, त्याखाली चिकणमातीचा थर, त्याखाली काळा कातळ. जांभा पाणी पितो. पाणी खाली उतरतं आणि मातीच्या थरावर येऊन अडतं. तो थर ओला झाला की वरचं सगळं ओझं घसरायला तयार. किंवा मातीत अर्धवट रुतलेला धोंडा पावसाने मोकळा होतो आणि थेट रुळावर. हे एका रात्रीत होतं, आदल्या दिवशी तिथे काहीही दिसत नाही.

२२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ नेमकं हेच झालं. सुट्टीची विशेष गाडी कटिंगमधून खाली आलेल्या ढिगाऱ्यावर आदळली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ ला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस रुळावर आलेल्या धोंड्यांमुळे घसरून पुलावरून खाली गेली. एका वर्षाच्या आत दोन अपघात, दोन्ही जूनमध्ये, दोन्ही दरडीमुळे.

त्यानंतर जे काम झालं ते मार्ग बांधण्याइतकंच मोठं आहे असं मी म्हणेन. उतार कापून सौम्य केले, धोंड्यांवर पोलादी जाळ्या टाकल्या, कातळात बोल्ट ठोकले, सिमेंटचा फवारा मारला, माथ्यावर पाणी वळवणारे चर खणले, उतारांवर वाळा लावला. वाळ्याची मुळं खोल जातात आणि माती धरून ठेवतात, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. जाळी गंजते, चर बुजतो, बोल्ट सैल होतो. दरवर्षी मे महिन्यापर्यंत हे सगळं पुन्हा तपासावं लागतं. तो खर्च कागदावर उत्पन्न देणारा नाही, म्हणून कुठल्याही मोठ्या कार्यालयात तो सगळ्यात आधी कापला जातो. माझी भीती ही आहे.


दिव्याची_गाडी

जांभाकाका, प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. धन्यवाद.

मी दुसरी बाजू मांडतो, रोजच्या प्रवाशाची. कोकण रेल्वे कोणासाठी धावते हा प्रश्न आमच्या भागात प्रत्येक गणपतीला निघतो. मार्ग एकेरी, त्यावरून केरळ आणि कर्नाटकाकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या. त्यांना पुढे जाऊ द्यायचं म्हणून पॅसेंजर बाजूच्या रुळावर थांबते. कोकणकन्या, मांडवी, तुतारी, दिवा–सावंतवाडी आणि दिवा–रत्नागिरी, सर्वसामान्य कोकणी माणसाची मदार यांच्यावर. २०२३ पासून वंदे भारत आली, चांगली गोष्ट आहे, पण ती गावागावात थांबणारी नाही आणि तिचं भाडं सगळ्यांना झेपणारं नाही.

रत्नागिरी पॅसेंजर पूर्वी दादरहून सुटायची. कोरोनानंतर ती दिव्याहून सुटते. वसई-विरार, बोरिवली, परळ, लालबाग इथल्या माणसाने सामानसुमान, लहान मुलं, म्हाताऱ्या माणसांसह आधी लोकलने दिव्याला पोचायचं आणि मग गाडी पकडायची. गाडी पुन्हा दादरला आणा ही मागणी सतत होते आहे.

आणि भाडं. कोकण रेल्वेवर प्रत्यक्ष अंतरापेक्षा ४० टक्के जास्त अंतर धरून तिकीट आकारलं जातं. बांधकामाचा खर्च भरून निघावा म्हणून सुरुवातीला हे ठरलं. ठीक होतं. पण विलीन झाल्यावर हा मार्ग इतर कोणत्याही मार्गासारखाच सरकारी होणार, मग हा जादा भार चालू ठेवायला काय कारण? ही मागणी राज्य सरकारने अटींत का घातली नाही? माझ्या मते पहिली अट ही हवी.


तेरेखोल (धागाकर्ती)

भाड्याचा मुद्दा शंभर टक्के पटला. मूळ यादीत तो घालते आहे.

दादरबद्दल मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. दादर, सीएसएमटी, दिवा ही स्थानकं मध्य रेल्वेची. फलाट द्यायचा की नाही हे महामंडळ ठरवत नाही. रोह्याच्या पलीकडे महामंडळाची हद्दच संपते. आपण तीस वर्षं तक्रार एका दारावर नेतो आणि चावी दुसऱ्याकडे असते. विलीनीकरणाच्या बाजूने असलेला हा मला सगळ्यात मजबूत मुद्दा वाटतो.


कारवारकर

नमस्कार. आम्ही कारवारचे, घरात मराठी आणि कोंकणी दोन्ही. इकडे चर्चा वेगळीच चालते म्हणून लिहितो.

या मार्गाचे सुमारे २७० किलोमीटर कर्नाटकात आहेत. होन्नावरला शरावतीवरचा पूल दोन किलोमीटरहून लांब, संपूर्ण मार्गावरचा सगळ्यात लांब. सर्वात आधी गाडीही इकडेच धावली, ठोकूर ते उडुपी, मार्च १९९३ मध्ये. पण इथल्या माणसाला प्रश्न विचारायचा तर पत्ता नवी मुंबईतल्या बेलापूरचा. आणि ठोकूर ओलांडलं की मंगळूर दक्षिण रेल्वेच्या पालघाट विभागात. म्हणजे उडुपीच्या माणसाला दोन वेगळ्या संस्थांकडे जावं लागतं. त्यामुळे उत्तर कन्नड आणि उडुपीत बरेच लोक म्हणतात, आमचा भाग नैऋत्य रेल्वेला जोडा, हुबळीला निदान आमची भाषा कळते.

तेरेखोलताईंची भीती मला समजते, पण 'तोडू नका' एवढंच म्हणून आमच्याकडे चालणार नाही. तोडू नका, आणि कारवार किंवा उडुपीला पूर्ण अधिकार असलेलं विभागीय कार्यालय द्या, असं म्हटलंत तर इकडचेही तुमच्या बाजूने उभे राहतील.


अंजनारी

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. माझे बाबा कोकण रेल्वेत ट्रॅकमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारे कामगार होते. लांजा तालुक्यातली आमची जमीन मार्गात गेली, त्यातून त्यांना नोकरी मिळाली. या जमिनीबद्दल वेगळं लिहायला हवं. चाळीस हजारांहून जास्त लोकांची जमीन या मार्गासाठी घेतली गेली आणि ती एवढ्या कमी वर्षांत मिळाली याचं कारण लोकांना गाडी हवी होती. नुसत्या कायद्याच्या धाकाने ते झालं नसतं.

जांभाकाकांनी दरडींचं सांगितलं, मी गस्तीचं सांगते, कारण लहानपणापासून ती घरात बघितली आहे.

पावसाळ्यात सहाशेहून अधिक माणसं या मार्गावर गस्त घालतात. बाबांची बीट, म्हणजे गस्तीचा पट्टा, ठरलेली असायची, दोन कटिंग आणि एक छोटा पूल धरून. घरून निघताना आई भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून द्यायची. पिशवीत लाल-हिरवा झेंडा, तीन रंगांचा दिवा, नंतरच्या काळात मोठी बॅटरी आणि मोबाइल, आणि डबीत रुळावर ठेवायचे फटाके. त्या डबीला आम्हा भावंडांना हात लावायची परवानगी नव्हती. चालत बीटच्या टोकाला गेलं की पलीकडून दुसरा गस्तवाला यायचा. दोघं वह्या बदलायचे, वेळ लिहायचे आणि परत फिरायचे. वहीमुळे कळायचं की माणूस खरंच तिथपर्यंत चालला. कुणी घरी बसून सही करू शकत नसे.

रुळावर काही आलेलं दिसलं तर काय करायचं हे बाबा झोपेतही सांगू शकायचे. दिवा लाल करून गाडी येण्याच्या दिशेने पळायचं. अडथळ्यापासून सहाशे मीटरवर एक फटाका, बाराशे मीटरवर तीन, दहा-दहा मीटर अंतर ठेवून. मार्ग एकेरी, गाडी दोन्हीकडून येऊ शकते, म्हणून एका बाजूचं झालं की धावत दुसऱ्या बाजूचं. चाक फटाक्यावरून गेलं की मोठा आवाज होतो आणि चालक गाडी थांबवतो. भर पावसात, रात्री, दोन्ही बाजूंना डोंगर, आणि पळायला खडीचा काठ.

आता उपकरणं खूप आली आहेत. माणगाव–वीरच्या मधल्या काळ नदीवर, सावित्रीवर आणि चिपळूणच्या वाशिष्ठीवर पुराची सूचना देणारी यंत्रणा आहे. पानवल, मांडवी, झुआरी आणि शरावतीच्या पुलांवर वारामापक आहेत. रत्नागिरी आणि वेर्ण्याला शस्त्रक्रियेची सोय असलेली अपघात मदत गाडी तयार असते. जोराचा पाऊस असला तर चालकांना ताशी ४० च्या वर जायचं नाही अशी सूचना असते. पण डोंगराच्या माथ्यावर नवीन भेग पडली आहे, हे बीटवर रोज चालणाऱ्यालाच आधी दिसतं. बाबांच्या मुकादमांना कुठल्या कटिंगमध्ये कुठला धोंडा कधी हलला हे पाठ होतं.

म्हणून माझी मागणी एकच. गस्तवाल्यांची संख्या आणि त्यांची नेमणूक स्थानिक पातळीवर राहील, हे विलीनीकरणाच्या कागदात लेखी आलं पाहिजे.


हिशेबनीस

अंजनारी, फार चांगलं लिहिलंत.

मी जरा कोरडी बाजू मांडतो. रेल्वे जगते मालवाहतुकीवर. कोळसा, लोहखनिज, सिमेंट, खत. प्रवासी भाड्यात खर्च निघत नाही, ही देशभरची गोष्ट आहे. आता कोकणातून किती माल उचलला जातो? फार थोडा. महामंडळाने म्हणून १९९९ मध्ये ट्रकच गाडीवर चढवायची रो-रो सेवा सुरू केली, कोलाड ते वेर्णे. कल्पना उत्तम होती, ट्रकवाल्याचं डिझेल वाचलं आणि घाटातला धोकाही टळला. २०२५ मध्ये गणपतीच्या आधी खासगी मोटारींसाठीही तीच सोय सुरू केली. पण अशा सेवांवर ७४० किलोमीटरचा मार्ग पोसला जात नाही.

मग महामंडळ तगलं कशावर? बाहेरच्या कामांवर. जम्मू-काश्मीरच्या रेल्वेमार्गावरचा चिनाब नदीवरचा ३५९ मीटर उंचीचा पूल आणि त्याच मार्गावरचा अंजी खड्डचा तारांवर तोललेला पूल, दोन्ही कामं कोकण रेल्वेच्या देखरेखीखाली झाली. जून २०२५ मध्ये पंतप्रधानांनी उद्घाटन केलं तेव्हा आपल्या किती वाहिन्यांनी बेलापूरच्या कार्यालयाचं नाव घेतलं? नेपाळमधली जयनगर–कुर्था गाडी चालवायला तांत्रिक मनुष्यबळही इथूनच गेलं. कोकणात बोगदे खणताना जे शिकलो ते विकून आपण कोकणातली गाडी चालवली, असा हा हिशेब आहे.

प्रयोगही झाले. बी. राजाराम महामंडळाचे व्यवस्थापकीय संचालक असताना गाड्यांची टक्कर टाळणारं रक्षक कवच इथे घडलं. मडगावला स्कायबसही, म्हणजे उंचावरच्या मार्गाला टांगून धावणारी गाडी, उभी राहिली, पण २००४ च्या चाचणीत अपघात होऊन एका कर्मचाऱ्याचा जीव गेला आणि तो प्रकल्प तिथेच संपला. तेव्हा लहान संस्था असण्याचे फायदे-तोटे दोन्ही बघा.

खरी अडचण दुपदरीकरणाची. रोहा ते वीर ४६ किलोमीटरचा दुसरा रूळ २०२१ मध्ये पुरा झाला. विद्युतीकरण २०२२ मध्ये संपलं. वीरच्या पुढे दुसरा रूळ म्हणजे पुन्हा बोगदे, पुन्हा पूल, हजारो कोटींचं काम. महामंडळाने ते कर्ज काढून केलं तर व्याजातच बुडेल. पहिल्या बांधणीचा सुमारे साडेतीन हजार कोटींचा खर्च आणि त्यावरचं रोख्यांचं ओझं किती वर्षं पाठीवर होतं हे विसरू नका. विलीनीकरणाचं खरं कारण हे आहे आणि ते योग्य आहे. तेव्हा मागणी करायचीच तर अशी करा: विलीनीकरण ज्या अर्थसंकल्पात होईल त्याच अर्थसंकल्पात वीर ते चिपळूण या पुढच्या टप्प्याच्या दुपदरीकरणाची तरतूद. नुसतं आश्वासन नको.


तेरेखोल (धागाकर्ती)

हिशेबनीस, या मार्गाच्या स्वतंत्र झोनबद्दल तुमचं काय मत? मध्य, नैऋत्य आणि दक्षिण अशा तिघांत वाटणी झाली तर माझी भीती खरी ठरेल असं वाटतं.


हिशेबनीस

स्वतंत्र 'झोन' आर्थिकदृष्ट्या जड जाईल. ७४० किलोमीटर हा झोनच्या मानाने लहान पसारा आहे, बहुतेक झोन याच्या कितीतरी पट मोठे आहेत. महाव्यवस्थापक आणि त्यांच्या हाताखालची पूर्ण फौज या एका मार्गासाठी रेल्वे मंडळ मंजूर करेल असं मला वाटत नाही. पण एकाच झोनमध्ये, रोहा ते ठोकूर अखंड असा एक 'डिव्हिजन' (झोनच्या हाताखालचा लहान विभाग) शक्य आहे. मुख्यालय रत्नागिरी किंवा मडगाव, आणि कारवारकर म्हणतात तसं उडुपीकडे पूर्ण अधिकाराचं उपकार्यालय.


मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. रत्नागिरीचं नाव आलं की आमच्याकडे लगेच भुवया उंचावतात, पण ते सोडून देऊ.

नव्या मंडळींना ठाऊक नसेल, गोव्यात या मार्गाला मोठा विरोध झाला होता. खाजन जमिनी, जुन्या गोव्याची चर्च, किनाऱ्याजवळची दाट वस्ती, यांतून मार्ग नेऊ नका, आतल्या तालुक्यांतून न्या, अशी मागणी होती. १९९३ मध्ये काम थांबलं, चौकशी झाली, मग पुढे गेलं. त्या लोकांना विकासाचे शत्रू ठरवलं गेलं, ते चूक होतं. खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून शेकडो वर्षांत तयार केलेली शेती आहे, तिच्यातून भराव घातला की पाण्याची वाट बदलते. त्यांचे प्रश्न खरे होते.

पेडण्याच्या बोगद्याचंही सांगतो. तिथे कातळ नाही, मऊ ओली माती. खणताना वरून पुन्हा पुन्हा कोसळायची, माणसंही गेली, आणि अख्ख्या मार्गाचं काम शेवटी त्या बोगद्यासाठी अडून बसलं. ती माती अजून तशीच आहे. ऑगस्ट २०२० मध्ये आतली भिंत कोसळली आणि गाड्या लोंढा-मिरज मार्गे वळवाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये त्याच भागात बोगद्यात चिखलपाणी रुळावर आलं आणि वाहतूक पुन्हा बंद.

जांभाकाका, तुम्हाला थेट विचारतो. या जागी कायमचा उपाय आहे का? की दर पावसाळ्यात देवाचं नाव घ्यायचं?


बांदेकर_मालवणी

गजाली चांगल्यो चलल्यात. माझा येकच म्हणणा: सावंतवाडी टर्मिनसचो पायो २०१५ त घातलो, अजून पुरो जाल्लो नाय. इलीनीकरण करा, नाव बदला, काय व्हया ता करा, पण आधी ह्यां पुरा करा. गाडयो हयसून सुटल्यो तर आमच्या माणसांका बसूक जागा गावात.


दिव्याची_गाडी

बांदेकरांना जोरदार अनुमोदन. टर्मिनस पूर्ण झालं तर गाड्या तिथेच उभ्या करून तिथूनच सोडता येतील, मडगावपर्यंत रिकामा फेरा नको. यादीत घ्या.


जांभा

मांडवीकाठ, विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो. पेडण्याच्या बोगद्याचा कायमचा उपाय म्हणजे एक तर वरच्या डोंगरातलं पाणी बोगद्यापर्यंत पोचण्याआधी बाहेर काढणं, किंवा आतलं अस्तर नव्याने जाड करणं, किंवा बाजूला दुसरा बोगदा. पहिल्या दोन्हीसाठी रात्रीचे काही तास वाहतूक बंद ठेवून महिनोन्महिने काम करावं लागतं. एकेरी मार्गावर तेवढा बंद कुणाला परवडत नाही, म्हणून डागडुजी होत राहते. दुसरा रूळ टाकायचाच असेल तर पहिला बोगदा तिथला खणावा असं माझं स्पष्ट मत. नवा तयार झाला की वाहतूक त्यातून वळवून जुना नीट दुरुस्त करता येईल. दुपदरीकरणात सहसा सोपा टप्पा आधी घेतात, कारण आकडे लवकर दिसतात. रोहा–वीर तसाच सोपा होता. पुढचा क्रम जागेच्या धोक्यावरून ठरवला तर प्रवाशांचा आणि रेल्वेचा, दोघांचाही फायदा आहे.

हिशेबनीसांनी वीर ते चिपळूण म्हटलं, त्याला माझी हरकत नाही, पण पेडणे, निवसर आणि दिवाणखवटी या तीन जागा वेगळ्या धराव्यात. दिवाणखवटीला जुलै २०२४ मध्ये दरड आली तेव्हा मार्ग बराच काळ बंद राहिला होता. निवसरची जमीन तर बांधकामाच्या वेळेपासून खचते आहे.


अंजनारी

जांभाकाका, तुमच्या या तीन जागांचं वेगळं निवेदन करता येईल का? आपल्या धाग्यातले दोन-तीन अभियंते आणि माझ्या बाबांसारखे चार-पाच निवृत्त ट्रॅकमन मिळून बसले तर कुठे काय हवं हे कागदावर नीट येईल. बाबा आणि त्यांच्या बरोबरचे अजून गावातच आहेत, सगळ्यांना कटिंगचे किलोमीटर नंबर तोंडपाठ आहेत.


जांभा

नक्की. मी तयार आहे. कागदावर किलोमीटर नंबर, उताराचा प्रकार, आजवर तिथे काय काय झालं आणि काय हवं, एवढे चार रकाने पुरेत. लांबलचक निवेदन कुणी वाचत नाही. चिपळूण किंवा रत्नागिरीत भेटू, तुमच्या बाबांना सोयीचं असेल तिथे.


तेरेखोल (धागाकर्ती)

छान. मग आतापर्यंत जे जमलं ते लिहून ठेवते, कुणाला बदल सुचवायचा असेल तर सांगा. रोहा ते ठोकूर मार्ग अखंड राहावा, तीन झोनमध्ये वाटू नये, आणि दक्षिणेकडे अधिकार असलेलं कार्यालय असावं. पावसाळी गस्त, कटिंगची दुरुस्ती आणि पूर-वारामापक यांचा खर्च वेगळ्या शीर्षाखाली ठेवून तो दुसरीकडे वळवता येणार नाही अशी तरतूद. ४० टक्के जादा अंतराची आकारणी विलीनीकरणाच्या दिवसापासून बंद. दुपदरीकरणाच्या पुढच्या टप्प्याची तरतूद त्याच अर्थसंकल्पात, आणि क्रम ठरवताना पेडणे, निवसर, दिवाणखवटी आधी. सावंतवाडी टर्मिनस पूर्ण. रत्नागिरी पॅसेंजर दादरहून.

आता एक सांगा, हे कोणाला द्यायचं? होकार राज्य सरकारने दिलाय, म्हणजे अटीही राज्यानेच वाढवायला हव्यात असं मला वाटतं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडच्या आमदार-खासदारांना एकाच वेळी गेलं तर उपयोग होईल. कारवारकर, तुमच्याकडच्या खासदारांना कन्नडमध्ये हेच देता येईल का?


कारवारकर

देता येईल. भाषांतर मी करतो, शनिवारपर्यंत इथेच टाकतो. गस्तीचा भाग अंजनारींनी लिहिला तसाच्या तसा घेऊ का? त्यांची परवानगी असेल तर.


अंजनारी

घ्या ना. फक्त बाबांचं नाव नको, 'एक निवृत्त ट्रॅकमन' एवढंच लिहा. आणि फटाक्यांचं अंतर बरोबर लिहा, सहाशे आणि बाराशे. बाबा वाचून तपासतील.